दादाच्या होडीबाबत माझा अहवाल

२ सप्टेंबर, सकाळी ७
रिटायर होऊन आज बरोबर दहा वर्षं झाली. चौतीस वर्षं कारखान्यात सेफ्टी इन्स्पेक्टर होतो. दुसऱ्यांच्या निष्काळजीपणावर रिपोर्ट लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली. आता तरी स्वतःसाठी जगायचं.
संकल्प: दर रविवारी मधमाश्यांच्या दोन्ही पेट्या उघडून तपासायच्या. होडी एकट्याने चालवायची. खोटं बोलायचं नाही, किरकोळसुद्धा.
शेवटचा सोपा आहे. मी मुळात बोलतो कमी.

५ सप्टेंबर, रविवार
पेट्या तपासल्या नाहीत. पाठ धरली होती. शिवाय माश्या कामात असतात, त्यांना सारखं डिस्टर्ब करू नये.
संध्याकाळी दादाबरोबर होडीवर. थोरल्या भावाला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली, पण पाण्यावर अजून तरुण. चाळीस वर्षं बंदरात मोठी जहाजं ओढणारी टग चालवली. ही छोटी लाकडी होडी मोडकी घेतली आणि दोन वर्षं खपून स्वतःच्या हाताने उभी केली. वहिनी तिला सवत म्हणते.
मी सुकाणू धरलं की दादा डोळे मिटतो. विश्वास असावा. एकट्याने नेऊ का, असं विचारलं. म्हणाला, आधी धड गाठ मारायला शीक. मी म्हटलं, गाठीत शिकायचं काय? त्यावर त्याने सुकाणू स्वतःकडे घेतलं.

१२ सप्टेंबर, रविवार
पेट्या राहिल्या. आभाळ आलं होतं.

१४ सप्टेंबर, दुपारी ४
रेडिओवर वादळाचा इशारा. उद्या संध्याकाळी धडकणार. दादाने आजच होडी धक्क्याला दोन दोरांनी बांधली आणि मला फोन करून बजावलं, उद्या तिकडे फिरकू नकोस. त्याला सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे.
माझा अनुभव असा की, धोका संध्याकाळचा असेल तर सकाळ सुरक्षित असते.

१५ सप्टेंबर, दुपारी १२.३०
होडी नेली. एकट्याने. हिला सांगितलं, वाचनालयात जातो. हे खोटं नव्हे, वाचनालयावरूनच गेलो.
पाणी काचेसारखं. गळाला वीतभर मासा लागला. त्याच्याकडे बघून दया आली, सोडून दिला. आयुष्यातली सगळ्यात छान पन्नास मिनिटं.
धक्क्याला लागतो न लागतो तोच हिचा फोन. एका पेटीतल्या निम्म्या माश्या राणीसकट उठून शेजारच्या हेडमास्तरांच्या बाल्कनीत जाऊन लटकल्या होत्या. हेडमास्तर टॉवेलवर बाथरूममध्ये अडकले होते. मी होडी घाईत बांधली. एकाच दोराने. दुसरा खुंट्यापाशी गुंतला होता आणि ही फोनवर ओरडत होती. गाठ बरी वाटली.
हेडमास्तरांना तीन डंख. तिन्ही अशा जागी, की तक्रार कुठे करावी हे त्यांना कळेना.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६.४०
वादळ आलं. खिडक्या खडखडताहेत. ही म्हणाली, होडीचं काही खरं नाही. मी म्हटलं, दादाने बांधलीय, काळजी नको.
दुसरा दोर लावून यावं, असं चार वाजता मनात आलं होतं. साडेचारला चहा आला.

१६ सप्टेंबर
होडी गेली. पलीकडच्या खडकांवर तिचे दोन तुकडे पडले आहेत. आजूबाजूच्या सगळ्या होड्या जागच्या जागी.
दादा धक्क्यावर दोर हातात घेऊन उभा होता. दोर तुटला नव्हता, अख्खा होता. नुसता सुटला होता. दुसरा खुंट्याला गुंतलेला, त्या दोराने काही बांधलेलंच नव्हतं. दादा पुन्हा पुन्हा म्हणत होता, मी दोन्ही बांधले होते ना रे. मग म्हणाला, नसतील बांधले.
मी म्हटलं, वादळ फार मोठं होतं. वाक्य शंभर टक्के खरं आहे.

१७ सप्टेंबर
सवयीने घटनेचा रिपोर्ट लिहायला घेतला. कारण: नैसर्गिक आपत्ती. मानवी चूक: लागू नाही. ‘लागू नाही’ खोडून ‘तपास चालू’ केलं. सही राहिली.
येत्या रविवारी दादाला सगळं सांगून टाकणार. पक्कं.

१९ सप्टेंबर, रविवार
गेलो. सांगायला तोंड उघडलं, पण तोंडात बिस्कीट होतं. गिळेपर्यंत वहिनीने स्वयंपाकघरात बोलावलं. हळू आवाजात म्हणाली, भावजी, यांनी स्कूटरच्या किल्ल्या माझ्या हवाली केल्यात. गॅस बंद केलाय का ते चारचारदा बघतात. म्हणतात, चाळीस वर्षं जो हात चुकला नाही तो चुकला, आता त्याचा भरवसा नाही. असं म्हणताना वहिनीने ओट्यावरचं तेच एक भांडं तीनदा पुसलं.
मी म्हटलं, वय झालं की होतं असं, वहिनी.
हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला माहीत नाही. मी कबुली द्यायला गेलो होतो.

२३ सप्टेंबर
दादाची मेमरी टेस्ट झाली. डॉक्टर म्हणाले, उत्तम, एकही उत्तर चुकलं नाही. दादा म्हणतो, डॉक्टर धीर देणारच, तो त्यांचा धंदा आहे.
मी त्याला बदाम आणि कोड्यांचं पुस्तक नेऊन दिलं. त्याने बारा कोडी सोडवली. मी दोन, त्यातलं एक त्याचं बघून.
घरी हिने विचारलं, एकदम एवढे बदाम कशाला? चोराच्या मनात चांदणं. मी वर्तमानपत्र उलटं धरून म्हटलं, भाऊ आहे माझा.

२६ सप्टेंबर, रविवार
आज सांगणारच होतो, पण दादाला सर्दी आहे. आजारी माणसाला धक्का देऊ नये.
घरी राहून दोन्ही पेट्या तपासल्या. चौकट न् चौकट. एक तर निम्मी रिकामी. जिथून जे जायचं ते जाऊन झालंय, तिथे माझी तपासणी चोख असते.

३० सप्टेंबर, सकाळी ११
वहिनीचा फोन. दादा घर बंद करून कायमचा मुलीकडे निघालाय. तिचं शहर समुद्रापासून लांब आहे. गळ, जाळी, होडीचं वाचलेलं इंजिन, सगळं कोळ्यांना देऊन टाकलं. सामानाच्या प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहून ठेवतोय, पुढे आठवलं नाही तर असू दे म्हणून. वहिनी म्हणाली, तुम्हीच समजवा, तुमचं ऐकतील.
माझं ऐकतील.
उद्या. उद्या म्हणजे उद्या. हिलाही बरोबर नेतो, म्हणजे वाटेतून मागे फिरता येणार नाही.

१ ऑक्टोबर, संध्याकाळी ७.१५
सांगितलं. वाचनालय, मासा, फोन, एक दोर, सगळं. एका दमात. खोक्यावर बसून.
दादाने ऐकून घेतलं. मग त्याचे डोळे भरून आले. उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाला, तू तसाच राहिलास रे. लहानपणी शाळेची काच माझ्या दगडाने फुटली, तेव्हाही तू पुढे होऊन माझ्यासाठी छड्या खाल्ल्यास. आता म्हाताऱ्या भावाला बरं वाटावं म्हणून हे.
ती काच माझ्याच दगडाने फुटली होती. साठ वर्षं मी मोठ्या मनाचा म्हणून मिरवतोय.
मी म्हटलं, अरे दादा, खरंच मी नेली होती. वहिनी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, असा दीर मिळायला भाग्य लागतं. मी हिच्याकडे वळून म्हटलं, तू सांग, तुझा फोन आला तेव्हा मी कुठे होतो? ही म्हणाली, वाचनालयात. तुम्हीच सांगितलंत की. मी तो मासा ठेवला असता तर पुरावा म्हणून दाखवता आला असता. दया नडली.
क्षणभर वाटलं, ठीक आहे. आपण सांगायचं काम केलं, ऐकणं न ऐकणं त्यांच्या हातात. चहा पिऊन निघावं. कपही हातात घेतला.
समोर खोकं होतं. दादाच्या स्वच्छ अक्षरात लिहिलेलं: माझे चष्मे. मी विसरलो तर इथे बघा.
कप ठेवला. खोकी बांधायचा दोर उचलला, व्हरांड्यात जाऊन कठड्याला बांधला. म्हटलं, त्या दिवशी अशी बांधली होती. दादाने एका बोटाने ओढला, सुटला. म्हणाला, परत बांध. परत बांधला. परत सुटला. मी तिसऱ्यांदा बांधायला लागलो, त्याने हात धरला.
त्याने दोर हातात घेऊन गाठीची जागा बोटांनी चाचपली. चेहरा एवढा ओळखीचा झाला, की मला हायसं वाटलं. मग त्याने एकच विचारलं, सोळा दिवस?
मी म्हटलं, योग्य वेळ बघत होतो.
त्याने वहिनीकडे स्कूटरच्या किल्ल्या मागितल्या. माझ्याकडे काहीच मागितलं नाही.
परतताना ही माझ्यापुढे चार पावलं चालत होती. घरापाशी आल्यावर म्हणाली, मलाही वाचनालय सांगितलंत.

५ ऑक्टोबर, सकाळी ९
वहिनीने हिला फोन करून कळवलं, मुलीकडे जाणं रद्द, खोकी उघडली. दादा कोळ्यांच्या वस्तीत जुनी होडी बघायला जातोय. भावजींना सांगा, सध्या थोडे दिवस येऊ नका.
थोडे दिवस म्हणजे किती, हे हिने विचारलं नाही. मी असतो तर विचारलं असतं.
आत्ताच दादा आमच्या दारावरून स्कूटरवर गेला. ताठ बसला होता, पूर्वीसारखा. मी गेटपाशी उभा राहून हात वर केला. वळून बघितलं नाही, पण आरशात बघितलं असणार. वेग थोडा कमी केल्यासारखा वाटला. म्हणजे राग निवळतोय. फाइल बंद करायला हरकत नाही, असं वाटून आत आलो आणि रिपोर्टवर सही केली.
सही वाळेपर्यंत आठवलं. त्या स्कूटरला आरसे नाहीत. मीच त्याला दोनदा लेखी कळवलं होतं.