एका पेशीच्या दोन

वाटूर, ५ ऑगस्ट २०२४

चि. दीपमालास आईचा जयभीम व आशीर्वाद.

फोनवर बोलताना तुझे बाबा शेजारीच असतात, म्हणून लिहून राह्यले. छातीत डाव्या अंगाला हरभऱ्याएवढी गाठ लागली. दुखत न्हाई. शेजारची सोनूबाई म्हणली, लेप लावला की विरघळती. लावून राह्यले. तू लॅबमधी दुर्बिणीतून असलंच काही पाहतीस ना? खरं सांग, जाईल का ही? धाकट्या प्रीतीला बोलू नको, तिची परीक्षा हाय. जेवत जा बराबर.

तुझ्यावर जीव असलेली,
आई

जालना, ८ ऑगस्ट

ती. आईस सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र वाचलं आणि लगेच लिहायला बसले. मी इथं बियाण्याच्या कंपनीत रोपांची मुळं तपासते. मुळाच्या टोकाला एका पेशीच्या दोन होतात. आधी आतल्या सामानाच्या सारख्या दोन वाटण्या पडतात, मग मधोमध भिंत उभी राहते. माणसाच्या पेशीला अशी भिंत नसते. ती कमरेत आवळत जाते आणि तिथंच तुटून दोन होतात. पोटातलं बाळ असंच वाढतं. पण पेशींना थांबायचं कळतं, आई. एखादी थांबायचं विसरली, तर दोनाच्या चार, चाराच्या आठ होतच राहतात. लेपानं ते थांबत नाही. गाठ साधीही असेल. पण तपासल्याशिवाय मी तरी कसं सांगू? तुला घाबरवायचं नव्हतं, मीच घाबरले आहे. बाबांना सांग आणि जल्दी ये.

लोभ आहेच, आता ऐकही.
तुझी दीपा

वाटूर, ११ ऑगस्ट

चि. दीपास जयभीम.

तुझं पत्र आल्यापासून जीव थाऱ्यावर न्हाई. भाकरीला गोळा तोडला तरी वाटतं, आत पण असंच चाललं असंल. तुझ्या बाबांना सांगितलं. त्यांनी बाहेर जाऊन धुतलेला टेम्पो परत धुतला. मंग आत येऊन म्हणले, आत्ताच निघू. मीच म्हणलं, गुरुवारी. गाठीपेक्षा तिचं नाव काय निघतं, त्याची भीती हाय, बाई.

वाट पाहा.
आई

वाटूर, ९ सप्टेंबर

चि. दीपास आशीर्वाद.

जालन्याहून घरी नीट पोचलो. ऑपरेशनचे टाके ओढतात, बाकी बरं हाय. प्रीतीला सांगून टाकलं, गाठ कॅन्सरचीच निघाली म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणल्या, लहान असताना काढली, आता औषधं. भरभर वाढणाऱ्या पेशी मारताना केसांच्या मुळातल्या पण मरतात म्हणे. केस जातील, त्याची पण भीती वाटती. वाटू दे.

एकच सांगते. रिपोर्ट वाचून तू माझ्याकडं पाहून हसलीस आणि बाहेर जाऊन रडलीस, ते मला खिडकीतून दिसलं. पुढच्या सोमवारी औषध चढवतील, तव्हा आतच बस. माझ्याजवळ रड. मला पण रडायचं हाय.

माया कमी होऊ देऊ नको.
तुझीच आई, बेबीनंदा