सहा मशिनं आणि एक नारळ

१९ ऑक्टोबर १९८८
खंडेनवमी! कारखान्यात लेथपासून माझ्या सहा कॉम्प्युटरांपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. हैबतराव फोरमननी सकाळीच सगळे उघडून धूळ पुसली होती. मी बाजूला उभी. हात जोडले नाहीत — आम्ही बौद्ध, आमच्यात हे करत नाहीत. "बाईस्नी द्येवाचं वावडं हाय जनू!" हैबतराव मुद्दाम मोठ्यानं. पेढे मात्र मी दोन खाल्ले.

२१ ऑक्टोबर
सहाही बंद!! तीन जुने, तीन नवे; कुणातच डिस्क नाही. सुरू होताना प्रत्येकानं आपला नंबर सांगून सर्व्हरला हाक मारायची, सर्व्हरनं यादीत बघून त्याला पत्ता आणि फाईल द्यायची. पत्ता मिळतोय, फाईलही येतेय. पुढे पडदा काळा. मंगळवारी मोठं गिऱ्हाईक येणार. साहेब — "तोवर चालू नाही झाले, तर तुम्हाला कायम करायचं विसरा."

२२ ऑक्टोबर
वायरी तपासल्या. काही नाही. जेवताना पॅकिंगमधल्या इंदूबाई हळूच — "हैबतराव म्हनत्यात, तू हात जोडलं न्हाईस म्हून झालंय." असा संताप आला! मोरीत जाऊन रडलेही.

संध्याकाळी सापडलं. नवं मशीन जुन्याचा नंबर सांगतंय! नंबर असतो आतल्या कार्डावर. हैबतरावांनी पुसायला कार्डं काढली आणि जुन्यांची नव्यांत, नव्यांची जुन्यांत बसवली. कार्डं दिसायला सारखीच. पण जुन्याची फाईल नव्याला चालत नाही. सर्व्हरच्या यादीत नंबर बदलले. चालू करून बघणार तोच वीज गेली. पौडची एसटी पकडली.

२३ ऑक्टोबर
रविवार. चालतील ना? जेवण जात नाही.

२४ ऑक्टोबर
मी पोचले तर हैबतरावांनी मशिनांपुढे नारळ फोडलेला! बटणं दाबली — सहाही सुरू. टाळ्या. "बगा बाई! द्येवाचं केलं की असं हाय!"

मी साहेबांना कार्डांचं सांगायला गेले. ऐकूनच घेईनात. हसत म्हणाले, "पुढच्या वर्षी पूजेला बसणार असाल तर कायम करू."

वर्षभर जीव ओतला. त्याची किंमत खोबऱ्याच्या तुकड्याएवढी?

२५ ऑक्टोबर
गिऱ्हाईक यायला थोडाच वेळ होता. साहेबांदेखत एका जुन्या आणि एका नव्या मशीनचं कार्ड काढलं, अदलाबदल करून बसवलं. दोन्ही पडदे काळे.

हैबतरावांच्या हातात नारळ दिला. म्हटलं, "फोडा."