मान उजवीकडे

३ मार्च
मला रोजनिशीचा नाद नाही. लिहिते आहे, कारण धाकटीने अट घातली: ताई, काम घे, पण रोज तारीख घालून लिही, स्वतःबद्दलही लिही. अकरा वर्षांच्या अबोल्यानंतर बहिणीने एवढंच मागितलं, तर नाही कशी म्हणू?

दुपारी पोचले. धाकटी फाटकाच्या आत उभी होती. बाहेर आली नाही, सामान मीच ओढत आणलं. तिच्या गळ्याला पट्टा, मान उजवीकडे वळलेली. लचकली म्हणे. तिरक्या नजरेने बघत म्हणाली, अजून तशीच हेडमास्तरीण दिसतेस. मी म्हटलं, आणि तू अजून रुसलेलीच. दोघी पोट धरून हसलो. किती दिवसांनी!

माझी खोली उजेडाची आहे. मेहुण्यांचा संग्रह खाली दिवाणखान्यात: जुने बिल्ले, पदकं, विरलेले झेंडे, वीरांची चित्रं असलेल्या बशा आणि गरुड. ध्वजकाठीच्या टोकाचे, घड्याळावरचे, दारावर ठोकायचे. पितळी, ओतीव लोखंडी, मुलामा दिलेले लाकडी. मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले, यादी अर्धवट राहिली. ती मी पुरी करायची.

४ मार्च
धाकटीने मेहुण्यांचे नियम समजावले. एका नगाला एक कार्ड. गरुडाची डावी-उजवी त्याची स्वतःची धरायची, बघणाऱ्याची नव्हे. नवखे इथेच चुकतात. आणि प्रत्येक नगासोबत त्याची हकिगत सांगणारा कागद हवाच. पत्र, पावती, कुणाची वही, काहीही. कागद नाही तर नग भंगारात. ही शिस्त मला पटली.

धाकटीने स्वतःची खिडकीजवळची खुर्ची मला दिली. संध्याकाळपर्यंत अठरा कार्डं झाली. ती म्हणते, गरुड एक्केचाळीस आहेत. मी मोजले, चाळीस. पुन्हा मोजले, चाळीसच.

६ मार्च
अठरापैकी अकरा कार्डं चुकली. मी लिहिलंय त्याच्या उलट बाजूला माना आहेत. डावी-उजवीचा घोळ मी केला? चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आता माझ्याच निघाल्या. सगळी कार्डं नव्याने केली.

सुतार नव्या चौथऱ्याचं माप घ्यायला आला होता. त्याने माझी उंची विचारली. मी म्हटलं, चौथरा करताय की माझं लग्न जमवताय? तो हसला, पण टेप लावलीच आणि आकडा फळीवर पेन्सिलने लिहून ठेवला.

८ मार्च
कार्डं पुन्हा चुकली. का ते आता कळलं. गरुड कोणत्याही भिंतीवर असो, तो खिडकीजवळच्या खुर्चीकडेच बघतो.

खुर्ची दाराशी ओढली. चहा पिऊन आले. सगळे दाराकडे बघत होते.

धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. तिच्या गळ्याला पट्टा नव्हता. मान सरळ होती. गाणं गुणगुणत फाटकाबाहेर गेली आणि भाजी घेऊन आली.

९ मार्च
मान उजवीकडे वळली आहे. दुखत नाही, पण परत येतही नाही.

बॅग भरली. फाटकापर्यंत गेले. उघडंच होतं, पलीकडे भर उन्हात माणसं चालली होती. पाय उचलेनात. हाक मारायची होती, पण —

१० मार्च
चौथरा आला. कोणत्याही गरुडाला मोठाच होईल.

खणात एक्केचाळिसावं कार्ड सापडलं. मेहुण्यांचं अक्षर: ‘पत्नी. मान उजवीकडे.’ त्यावर काट. खाली धाकटीचं अक्षर: ‘ऐवजी थोरली बहीण. सोबत कागद: तिची रोजनिशी.’

तिच्यापुढे कार्ड धरलं. तिने नजर चुकवली नाही. म्हणाली, मी इतकी वर्षं इथे अडकले होते, तू एक पत्र तरी टाकलंस का, ताई?

मी टाकलं नव्हतं. पण तिनं बोलावलं तेव्हा आले ना? हसत आले —

११ मार्च
वही जाळायला निघाले. काडी ओढता येईना, बोटं वाकडी राहतात. नखांना हिरवट पितळी डाग.

लिहायला मात्र येतं. तेवढंच येतं —

१२ मार्च
धाकटीची बॅग दारात आहे. ती माझ्याकडे बघत नाही. गरुड बघतात, चाळीसही.

त्या कार्डावर माझी उंची पाच फूट दोन लिहिली होती. मी पाच एक केली. चूक राहता कामा नये.

धाकटीला सुपूर्त: फाटकाची किल्ली, एक. मनगटी घड्याळ, एक, चालू. चष्मा, एक, आता लागत नाही.

दिवाणखान्यास सुपूर्त: ही वही. आणि थोरली बहीण, नग एक. मान उजवीकडे. माझी उजवी, बघणाऱ्याची न