एफ वन दाबून पुढे चला

२४ सप्टेंबर
नोकरी लागली! पावणे गावच्या एमआयडीसीत गोटीराम शेठचं वर्कशॉप आहे, तिथे बिलं आणि माल पाठवायची चलनं काढायची. माझा भाऊ कुंदनदादा तिथेच फिटर, त्यानेच शब्द टाकला. सानपाड्याहून त्याच्या बाइकवर मागे बसून आले. माझं नाक कापू नकोस, असं त्याने वाटेभर बजावलं. ऑफिसातला संगणक माझ्याहून म्हातारा असावा. सुरू होताना कसलातरी एरर दाखवतो आणि एफ वन दाबलं की मुकाट पुढे जातो. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मला हेच शिकवलं. वाचत बसायचं नाही, दाबायचं. लेथ चालवणारे टर्नर हिरामणकाका म्हणाले, तो शेठसारखाच आहे, कुरकुरल्याशिवाय उठत नाही. झाडलोट करणाऱ्या सुमित्राबाईंनी आल्याचा चहा दिला. मला जागा आवडली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज हत्यारांची पूजा. संगणकालाही झेंडूचा हार! त्याच्यापुढे ज्याने त्याने आपलं हत्यार मांडलं. शेठनी हळदकुंकू वाहिलं आणि दम भरला, ‘आज कुनी हात लावाचा नाय. आज त्यांचा इसावा हाय.’ पेढे खाऊन सगळे देवीच्या मंडपात गेले, मी कुलूप लावायला मागे राहिले. तेवढ्यात एक टेम्पोवाला चलनासाठी अडून बसला. कीबोर्डपुढची तीन हत्यारं उचलून बाजूला ठेवली: काकांचं मायक्रोमीटर, सुमित्राबाईंचा झाडू आणि दादाचा पाना. संगणक लावला, चलन काढलं, हत्यारं परत जागेवर. कोणाला कळलंही नाही.

३ ऑक्टोबर
आज एरर वेगळाच. मायक्रोमीटर सापडलं नाही, त्याच्याशिवाय पुढे जायचं असेल तर एफ वन दाबा. दादाने कोणाकडून तरी हे करवून माझी फिरकी घेतली असणार. हसले आणि दाबलं. हिरामणकाका आज आले नाहीत. दसऱ्याची सुट्टी लांबवली वाटतं.

४ ऑक्टोबर
सकाळी पुन्हा एरर, आता झाडू सापडत नव्हता. दाबलं. मग चहाची वेळ टळून गेली तरी चहा नाही, म्हणून दादाला विचारलं, सुमित्राबाई कुठेत? तो म्हणाला, कोण सुमित्राबाई? चेष्टा वाटली. मग हिरामणकाकांचं विचारलं, तर त्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. काकांच्या लेथच्या जागी भंगार पडलंय. बोटभर धूळ आहे त्यावर. शेठनाही असं कोणी आठवत नाही. मला एकटीला आठवतं. दाबलं मी, म्हणूनच असेल.
मी उचललेलं तिसरं हत्यार दादाचं होतं. खूप भीती वाटतेय.

६ ऑक्टोबर
मी पोचायच्या आत शेठनी संगणक लावला होता. पडद्यावर पाना. नशीब, ते चष्मा शोधत होते, अजून दाबलं नव्हतं. मी बंद केला, पुन्हा लावला — पाना. आतला सेल काढून बसवला — पाना. दादाचा खरा पाना आणून समोर मांडला, हळदकुंकू वाहिलं, कान धरले, नाक घासलं. माझी चूक, मला घे म्हटलं. पाना. वायर कापावी का? कापली आणि त्यानेच दादा गेला तर?
माल अडलाय म्हणून शेठ ओरडतायत. दादा बाहेर डबा खातोय. माझ्या वाटणीची भाकरी ठेव म्हटलं, तर त्याने जीभ दाखवली. बाथरूममध्ये जाऊन रडले.

७ ऑक्टोबर
शेठना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, ‘पोरी, डॉक्टरकडं जा.’ आता ऑफिसला आतून कडी लावून बसलेय. कीबोर्ड मांडीवर. पडदा तसाच थांबलाय.
मी दाबलं तर दादा जाईल, पण निदान मला आठवेल. दुसऱ्या कोणी दाबलं तर मलाही — नाही. माझ्या हाताने कसं — नाही जमत —
दार हलतंय. शेठनी दादालाच पाठवलंय. बहिणीला समजाव म्हणे. दादा, जा ना इथून —
कडी तुटली. आत आलाय. रागावला नाही. डोक्यावरून हात फिरवतोय. म्हणतोय, ‘एवढं काय टेन्शन, येडे? मी करतो ना.’ कीबोर्ड ओढतोय. मी सोडत नाहीये. लिहिते म्हणजे राहील. कुंदन. माझा भाऊ कुंदन. हनुवटीवर खोक. चहात पाव बुडवून — दादा नको — एका बोटाने एफ वन — कुंद

संगणक सुरू झाला. शेठ खूश. ऑफिसात मी एकटीच आहे. दाराची कडी तुटलीय, कोणी तोडली ठाऊक नाही. वर माझंच अक्षर आहे, पण काय लिहिलंय ते उमगत नाही. मला भाऊ कुठला? रडू मात्र थांबत नाही. आईला फोन लावलाय. ती विचारतेय, कोणासाठी रडतेस. मी म्हटलं, माझ्या —