'पारो'चा जोर

तळेगाव ढमढेरे
मंगळवार, ११ नोव्हेंबर २००३

रोहिदासदादा,

तुम्ही आणि सारिकावहिनी कासुर्डीत खुशाल असाल. आमच्याकडे सगळे बरे. अम्मीचे गुडघे दुखतात, तरी आठवड्याचा बाजार चुकवत नाही. कंपनीत पत्रा दाबायच्या तुमच्या प्रेसवर अजून कायमचं कोणी नेमलेलं नाही.

हात कसा आहे, हे विचारायला मला चार महिने लागले.

जेवणाच्या सुट्टीत तुम्ही विचारायचात, "मॅडम, ह्या स्पेनवाल्यांची भाषा लई अवघड हाय का?" मी म्हणायचे, सोपी आहे, लिहितात तशीच बोलतात. ते अर्धंच खरं. त्यांच्या क्रियापदात जोर कुठल्या अक्षरावर पडतो, त्यावर अर्थ फिरतो. 'पारो', दोनच अक्षरं. जोर 'पा'वर दिला तर 'मी थांबवतो'. 'रो'वर दिला तर 'थांबलं'. पुण्याच्या क्लासात हा धडा दुसऱ्याच महिन्यात होतो. मला त्यात पूर्ण गुण होते.

त्या दिवशी पत्रा अडकला. स्पेनचे साहेब मशीनच्या पलीकडे बटणांपाशी होते, तुम्हाला दिसत नव्हते. दुभाषी म्हणून मी मध्ये उभी. ते ओरडले, "पारो!" मी तुमच्याकडे वळून मराठीत ओरडले. तुम्ही हात घातलात.

जोर 'पा'वर होता. तो माझ्या लक्षात आला तो त्यानंतर.

दवाखान्यात पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून तुम्ही विचारलंत, "मॅडम, तुमीच थांबलं म्हणला व्हता ना?" मॅनेजर शेजारी उभे होते. मी म्हटलं, "गडबडीत आठवत नाही." मग तुम्हीच म्हणालात, "मंग मलाच तसं ऐकू आलं आसंल."

चौकशीत तेच तुमचा जबाब म्हणून लिहिलं गेलं. खाली शेरा, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मला कोणी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

काल मी माझा जबाब लिहून मॅनेजरना दिला. ते म्हणाले, "फाईल बंद झालीय, सायमा. कशाला उकरतेस?" एक प्रत पुण्याला सरकारी कारखाना निरीक्षकांकडे रजिस्टरनं पाठवली. दुसरी या पत्रासोबत आहे. माझी नोकरी बहुतेक जाईल. भावाला, अनिसला, सांगितलंय. अम्मीला अजून नाही.

माफी पत्रातून मागत नाही. तुम्ही 'या' म्हणालात तर कासुर्डीला येईन. नाही म्हणालात तरी तुमचं बरोबरच असेल.

तुमच्या कानांत काही दोष नव्हता, दादा. मी 'थांबलं' असंच ओरडले होते. मोठ्यानं, दोनदा.

जिच्या शब्दावर तुम्ही हात घातलात, ती
सायमा