डोळ्यातला लोखंडाचा कण

बाबा, आज घोडबंदर रोडवरच्या सेंटरमध्ये माझ्या पित्तनळीची तपासणी झाली. मशीनमध्ये जाण्याआधी तिथल्या मुलीने विचारलं, अंगात कुठे धातू आहे का, आणि मला तुमच्या तपासणीचा दिवस आठवला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि तुमची कावीळ रेंगाळली होती. डॉक्टर म्हणाले, पित्ताच्या नळीत खडा अडकलाय का ते बघायचं तर तोंडातून दुर्बीण घालावी लागेल, नाहीतर ठाण्यात नवं चुंबकाचं मशीन आलंय, त्यात नुसतं पडून राहायचं. दुर्बीण म्हटलं की तुमचा चेहरा उतरायचा, कारण काका दुर्बिणीनंतरच स्वादुपिंड सुजून गेले होते. म्हणून त्या दिवशी शेजाऱ्यांच्या गाडीतून डोंबिवलीहून निघताना तुम्ही लग्नाला चालल्यासारखे खुशीत होतात, आईची थट्टा करत होतात.

टेक्निशियनने विचारलं, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का? चुंबकाने तो हलला तर डोळा जाऊ शकतो. तुम्ही म्हणालात, "छे हो, कधीच नाही." उभं आयुष्य कारखान्यात लेथवर लोखंड कातण्यात काढलेला माणूस हे सांगत होता. कण गेला की तुम्ही शेजारच्या मशीनवाल्याकडून रुमालाच्या टोकाने काढून घ्यायचात. दवाखान्यात जायचा नाहीत, कारण तेवढ्यात दुसरा कोणी मशीनवर लावलेला तुकडा बिघडवून ठेवेल. लाल डोळा घेऊन घरी यायचात आणि आईला सांगायचात, धूळ गेली. आता तुम्ही चपला काढून आत निघालात.

"बाबा खोटं बोलतायत," मी म्हणाले. "कण गेलेत त्यांच्या डोळ्यात, कितीदा तरी."

तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. "अगं, तुला कोणी विचारलं होतं का?"

एक्स-रे काढला. उजव्या डोळ्यात बारीकसा कण बसलेला दिसला आणि तपासणी रद्द झाली.

मग दुर्बीण झाली. नळी मोकळी निघाली, खडा केव्हाच आपोआप सरकून गेला होता. मशीनने हेच दाखवलं असतं. पण दुर्बिणीने तुमचंही स्वादुपिंड सुजलं आणि आठवडाभरात तुम्ही गेलात.

सगळे म्हणतात, पोरीने योग्य तेच केलं. मीही मान डोलावते. हे कुठे पाठवता येणार नाही, म्हणूनच लिहिते. बाबा, मला एका डोळ्याचे तुम्ही चालला असतात.