खिशातला कांदा

जजसायेब,

माझ्या नवऱ्याला, मसाजीला, फेफरं येतं म्हणून कापसाच्या जिनिंगवाल्यांनी कामावरून काढलं. लवादानं परत घ्या म्हणलं, तर जिनिंगवाले तुमच्या कोर्टात आले. लवादापुढं मीच सांगितलं, "आता फेफरं येत न्हाई."

खोटं हाय, सायेब. आलं की मी कांदा फोडून नाकाला लावते. तिथं फिरत्या पट्ट्यापाशी कोण लावंल? मला लई भ्या वाटून राहिलं. तुमी आमाला हरवा. पण हे पत्र लिहून लई दिवस झाले, टाकायला हात धजत न्हाई.

आज निकालासाठी औरंगाबादला निघताना ह्यांनी टोपलीतला कांदा गुपचूप खिशात घातला. मी विचारलं, "काहून?"

म्हणले, "जिंकलो तर लागंल."

पदर पसरून,
अनुसयाबाई, पुसेगाव